पिलाच्या अंगावरील खूण
स्वयंलिंगदर्शक कोंबड्यांची पैदास आणि जातीचे प्रमाण

कोंबडे झाकून ठेवले तरी उजाडायचे राहत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. पण अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिलू पुढे कोंबडा होणार की तलंग, हे मात्र उजाडले तरी कळत नाही. एकविसाव्या दिवशी कवच फोडून बाहेर आलेली शंभर पिले टोपलीत ठेवली, तर त्यांपैकी साधारण निम्मी नर आणि निम्मी मादी असतात, एवढेच खात्रीने सांगता येते. कोणते पिलू कोणत्या बाजूचे हे तुरा वाढू लागेपर्यंत समजत नाही. हलक्या जातींत त्यासाठी पाच-सहा आठवडे लागतात, भारी जातींत त्याहूनही अधिक. तोपर्यंत सर्वांना सारखेच खाद्य, सारखीच जागा आणि सारखीच ऊब द्यावी लागते.

ज्याला अंड्यांसाठी कोंबड्या पाळावयाच्या आहेत, त्याच्या दृष्टीने यातील निम्मा खर्च अनाठायी होय. त्याने पन्नास पिले आणली तर पंचवीसच तलंगा हाती लागतात. खेड्यात ही अडचण तितकीशी जाणवत नाही, कारण कोंबड्यालाही गिऱ्हाईक असते आणि सणासुदीला त्याची किंमत कोंबडीपेक्षा सरस येते. परंतु जेथे अंडी हाच व्यवसाय आहे, तेथे अंड्यावरील हलक्या जातीचा नर वाढवणे परवडत नाही. त्याच्या अंगावर मांस चढत नाही. म्हणूनच पिलाचे लिंग पहिल्या दिवशी ओळखता यावे यासाठी गेली शंभर वर्षे निरनिराळ्या मार्गांनी प्रयत्न झाले.

त्यांपैकी एक मार्ग जपानने दाखविला. पिलाचे गुदद्वार हळूच उघडून आतील सूक्ष्म उंचवट्यावरून नर-मादी ओळखण्याची रीत मासुई, हाशिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात सिद्ध केली. तीत तरबेज झालेला माणूस तासाला हजारापर्यंत पिले तपासतो आणि त्याच्या चुका फार थोड्या असतात. मात्र ही विद्या बोटांत मुरावी लागते. पुस्तक वाचून ती येत नाही, आणि अननुभवी हाताने पिलाला इजा होते. ज्याच्याकडे वर्षाला दोनचारशे पिले निघतात त्याने असा तज्ज्ञ आणावा कोठून?

दुसरा मार्ग आनुवंशिकतेचा. तो केंब्रिज विद्यापीठात घडला, आणि त्याच्याशी रेजिनाल्ड पनेट यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. संकराची फळे चौकोनांत मांडून दाखविणारा जो तक्ता शाळा-महाविद्यालयांत शिकविला जातो, तो याच पनेट यांचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये धान्याची टंचाई होती. निरुपयोगी नरांच्या तोंडी जाणारे धान्य वाचवावयाचे तर पिसांच्या रंगावरून पिले निवडता येतील, ही कल्पना त्यांनी त्या वेळी पुढे मांडली.

या कल्पनेचा पाया समजून घ्यावयास हवा. माणसात पुरुषाची लिंग-गुणसूत्रे विजोड असतात. पक्ष्यांत हे उलट आहे. कोंबड्याकडे झेड नावाची दोन सारखी गुणसूत्रे असतात, तर कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. त्यामुळे कोंबडी आपले झेड केवळ मुलग्यांना देते. मुलींना तिच्याकडून डब्ल्यू मिळते आणि झेड मिळते ते बापाकडून. म्हणजे जे गुण झेडवर बसलेले आहेत, त्यांच्या बाबतीत मुलगी बापावर जाते आणि मुलगा आईकडूनही वाटा घेतो. पिसांचा सोनेरी वा रुपेरी रंग ठरविणारे जनुक असेच झेडवर आहे, आणि रुपेरी हा सोनेरीवर प्रभावी आहे. ऱ्होड आयलंड रेड जातीचा सोनेरी कोंबडा लाइट ससेक्स जातीच्या रुपेरी कोंबड्यांत सोडला, तर सर्व नर पिले फिकट पिवळी आणि सर्व मादी पिले तांबूस निघतात. टोपलीतून रंग पाहून ती वेगळी काढता येतात. शाळकरी मुलालाही ते जमावे.

परंतु या युक्तीत एक उणीव आहे आणि ती पुष्कळदा विसरली जाते. ही ओळख एकाच पिढीपुरती टिकते. त्या फिकट नरांची आणि तांबूस तलंगांची आपसात पैदास केली तर पुढच्या पिढीत दोन्ही रंग दोन्ही लिंगांत सरमिसळ होतात आणि खूण नाहीशी होते. जोडी उलटी लावली, म्हणजे रुपेरी कोंबडा आणि सोनेरी कोंबडी, तरीही सगळी पिले एकाच रंगाची होतात. म्हणून अशा संकरासाठी दोन शुद्ध जाती कायम वेगवेगळ्या सांभाळाव्या लागतात आणि दरवर्षी तोच संकर नव्याने करावा लागतो. ‘रंगावरून ओळखू येणारी’ म्हणून विकत घेतलेली कोंबडी घरी वाढविली आणि तिच्या पिलांतही तीच ओळख मिळेल असे मानले, तर पदरी निराशा येते. अशा पक्ष्यांना लिंगनिगडित संकर म्हणावे. स्वयंलिंगदर्शक जात ही त्याहून निराळी वस्तू आहे: तिच्यात बाप, आई आणि संतती एकाच जातीची असतात आणि तरीही प्रत्येक पिढीतील पिले अंगावरच्या लवेवरून नर-मादी अशी ओळखू येतात.

अशी पहिली जात एका वेगळ्याच शोधाच्या ओघात हाती आली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस पनेट आणि त्यांचे सहकारी मायकेल पीज हे पिसांवरील नक्षी कशी वारशाने उतरते याचा अभ्यास करीत होते. प्लिमथ रॉक जातीच्या अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे असतात. हा पट्ट्यांचा गुण त्यांनी गोल्ड कँपाइन या तपकिरी लवेच्या जातीत आणला. तेव्हा असे दिसून आले की, नव्या पक्ष्यांची मादी पिले गडद आणि स्पष्ट नक्षीची, तर नर पिले फिकट आणि धूसर निघतात. ‘कँबार’ हे नाव या जातीला मिळाले. पुढे निघालेल्या अशा बहुतेक ब्रिटिश जातींच्या नावाला ‘बार’ हेच शेपूट लागले: लेगहॉर्नपासून लेगबार, ऱ्होड आयलंडपासून ऱ्होडबार, वेलसमरपासून वेलबार, डॉर्किंगपासून डॉरबार, वायंडॉटपासून वायबार.

हे घडते कसे? पट्ट्यांचे जनुकही झेडवरच आहे. त्यामुळे कोंबड्याकडे त्याची दोन मात्रा असू शकते, कोंबडीकडे कधीही एकापेक्षा अधिक असू शकत नाही. पिसाची वाढ होत असताना रंग पुरविणाऱ्या पेशी हे जनुक मुदतीपूर्वीच प्रौढ करते. त्या संपल्या की पिसाचा तेवढा भाग पांढरा राहतो आणि नव्या पेशी आल्या की पुन्हा रंग चढतो. पट्टा उमटतो तो असा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे जनुक झेड गुणसूत्रावर नेमके कोठे आहे ते दाखवून दिले. पनेट आणि पीज यांना तेवढे ठाऊक नव्हते, पण मात्रेचा परिणाम त्यांनी अचूक ओळखला होता. मात्रा दुप्पट झाली की रंग अधिक पुसला जातो. म्हणून मोठ्या पट्टेदार कोंबड्यात पांढरा पट्टा रुंद आणि कोंबडीत अरुंद असतो. कोंबडा उजळ दिसतो, कोंबडी काळसर.

मग साध्या प्लिमथ रॉकमध्येच ही ओळख का पटत नाही? तिची पिले काळी असतात. डोक्यावरचा पांढरा ठिपका नरात मोठा आणि पसरट, मादीत लहान आणि आखीव असतो खरा. पण हा फरक थोडा आहे, आणि जाणकाराचीही पुष्कळ पिलांबाबत फसगत होते. काळ्या भिंतीवर पुसट खूण दिसू नये तसे हे आहे. तपकिरी लवेच्या पिलाची गोष्ट निराळी. त्याच्या पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत खारीसारखे गडद पट्टे असतात. पट्ट्यांच्या जनुकाची एक मात्रा असली तर हे खारीचे पट्टे शाबूत राहतात, फक्त डोक्यावर लहानसा फिकट ठिपका येतो. दोन मात्रा असल्या तर ठिपका पसरतो आणि पाठीवरचे पट्टे धुऊन निघाल्यासारखे फिके पडतात. म्हणजे ही ओळख दोन गोष्टींवर उभी आहे: नरात जनुकाची दुहेरी मात्रा हवी आणि लवेचा मूळ रंग रानटी, पट्ट्यापट्ट्यांचा तपकिरी हवा. यांतील कोणतीही एक ढळली की जातीचे नाव तेवढे उरते, गुण जातो.

लेगबार जात तयार करण्याचा आराखडा पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. पट्टेदार प्लिमथ रॉकचा कोंबडा आणि तपकिरी लेगहॉर्नच्या कोंबड्या अशी पहिली जोडी लावली तर सर्व संतती पट्टेदार होते, पण रॉकचा काळा रंग प्रभावी असल्यामुळे ती काळसरही असते. त्यांतील नर पुन्हा तपकिरी लेगहॉर्न कोंबड्यांना दिला की निम्म्या पिलांत पट्ट्याचे जनुक येते आणि निम्म्यांत तपकिरी लव. दोन्ही एकत्र असलेली पिले साधारण चौथा हिस्सा. ती निवडून त्यांतील नर पुन्हा लेगहॉर्नकडे न्यावयाचे. प्रत्येक वेळी रॉकचे रक्त निम्मे होते: अर्धे, चतुर्थांश, अष्टमांश, सोळावा भाग. पक्षी दिसण्यात, बांध्यात आणि अंड्यांत लेगहॉर्न होतो, फक्त पट्टा तेवढा रॉकचा राहतो.

आता शेवटचा टप्पा. अशा पट्टेदार नराकडे जनुकाची एकच मात्रा असते. त्याची जोडी पट्टेदार मादीशी लावली तर शंभर पिलांत सरासरी पंचवीस नर दुहेरी मात्रेचे, पंचवीस नर एकेरी मात्रेचे, पंचवीस माद्या पट्टेदार आणि पंचवीस माद्या बिनपट्ट्यांच्या निघतात. दुहेरी मात्रेचे नर आणि पट्टेदार माद्या एवढेच ठेवावयाचे. त्यांच्यापासून पुढे सर्व नर दुहेरी आणि सर्व माद्या एकेरी मात्रेच्याच होतात, आणि जात स्थिर होते.

नर खरोखरच दुहेरी मात्रेचा आहे ना, याची शंका असेल तर एक सोपी कसोटी आहे. त्याला बिनपट्ट्यांच्या कोंबड्यांत सोडावे. दुहेरी मात्रेच्या नराची सर्व पिले पट्ट्यांचे जनुक घेऊन येतात. एकेरी मात्रेच्या नराची निम्मीच. दहाच्या दहा पिले पट्टेदार निघाली तर तो नर एकेरी असण्याचा संभव हजारात एकाहूनही कमी उरतो, कारण निम्म्याचे निम्मे असे दहा वेळा करीत गेल्यास एक हजार चोवीसावा भाग येतो. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. कोऱ्या वहीचे एक पान आणि तीन आठवड्यांचा धीर पुरतो.

येथवरचा भाग शास्त्रज्ञाचा. जात तयार झाली की ती पाळणाऱ्यांच्या हाती जाते आणि तेथे तिला जातीच्या प्रमाणाला उतरावे लागते. ब्रिटनमध्ये प्रदर्शनी कोंबड्यांचे पहिले प्रमाणपुस्तक १८६५ साली टेगेटमायर यांच्या संपादनाखाली निघाले. अमेरिकेतले १८७४ साली. प्रमाण म्हणजे आदर्श पक्ष्याचे शब्दचित्र होय. तुरा कसा असावा, कानाची पाळी कोणत्या रंगाची, पायाची नळी पिवळी की निळसर, मानेवरील पिसांत कोणता रंग किती, वजन किती, हे सारे त्यात लिहिलेले असते आणि परीक्षक त्यावर गुण देतात. लेगबारच्या सोनेरी प्रकाराला १९४५ साली, रुपेरी प्रकाराला १९५१ साली आणि मलईच्या रंगाच्या ‘क्रीम’ प्रकाराला १९५८ साली असे प्रमाण मिळाले.

क्रीम लेगबारचा मजकूर उदाहरणादाखल घेण्यासारखा आहे. कोंबड्याचे वजन २.७ ते ३.४ किलो, कोंबडीचे २ ते २.७ किलो. तुरा एकेरी, त्यामागे पिसांचा लहानसा झुबका. पाय पिवळे. कोंबड्याची मान मलईच्या रंगाची आणि तीवर तुरळक पट्टे, छाती गडद करड्या पट्ट्यांची. कोंबडीची छाती सामन माशाच्या मांसासारखी फिकट गुलाबी, आणि अंगावरचे पट्टे मऊ, काहीसे अस्पष्ट. अंडे निळे किंवा हिरवट. हे निळे अंडे दक्षिण अमेरिकेतून आले. वनस्पती गोळा करण्यासाठी चिलीकडे गेलेल्या क्लॅरेन्स इलियट यांनी तेथील कोंबड्या पनेट यांच्याकडे पोहोचविल्या, आणि निळ्या कवचाचा गुण एका प्रभावी जनुकाने उतरतो हे पनेट यांनी १९३३ साली दाखविले. मलईचा रंगही असाच केंब्रिजमध्ये ओळखला गेला. तो रुपेरी नव्हे. सोनेरी रंग एका अप्रभावी जनुकाने फिका पडून तो होतो. दिसावयास दोन्ही जवळजवळ सारखे असल्याने क्रीम लेगबार पाळणाऱ्यांत ‘हा पक्षी मलईचा की रुपेरी’ यावरून वाद रंगतात.

आता यातील खरा पेच पाहावा. प्रदर्शनातील परीक्षक पिंजऱ्यात उभा असलेला पूर्ण वाढीचा पक्षी पाहतो. त्याची पहिल्या दिवसाची लव केव्हाच गळून गेलेली असते. ज्या गुणासाठी ही जात निर्माण झाली, तो गुण परीक्षेच्या दिवशी डोळ्यांपुढे नसतो. पैदास करणारा जर केवळ बक्षिसाकडे पाहून पक्षी निवडू लागला, तर त्याच्या नकळत हा गुण पातळ होत जातो, आणि पक्षी मात्र वरवर अधिकाधिक सुबक दिसू लागतात.

तपकिरी-काळ्या गडद रंगाचा, ठसठशीत पट्ट्यांचा कोंबडा डोळ्यांत भरतो. लेगबारच्या कळपात असा विशेष गडद कोंबडा निघाला, तर तो फार वेळा एकेरी मात्रेचा असतो. मागे केव्हातरी बाहेरचे रक्त आलेले असते. त्याला पैदाशीसाठी ठेवले की काय होते, याचा हिशेब वर आलाच आहे. शंभरांपैकी पंचवीस पिले एकेरी मात्रेचे नर होतात आणि ती पहिल्या दिवशी हुबेहूब मादीसारखी दिसतात. पैदास करणारा त्यांना तलंगा समजून विकतो. घेणारा तीन महिन्यांनी आरवणे ऐकतो. जातीच्या नावावरचा विश्वास एका कोंबड्याने घालवावा, असा हा प्रकार आहे. उलट बाजूने, फिकट आणि नाजूक रंगाच्या कोंबड्यांचीच निवड करीत गेल्यास मादी पिलांच्या पाठीवरील खारीचे पट्टेही फिके होतात, आणि मग मादी नरासारखी दिसू लागते. दोन्ही टोकांकडून खूण पुसली जाते.

प्लिमथ रॉकच्या इतिहासात याचा बोलका पुरावा आहे. त्या जातीच्या प्रदर्शनात कोंबडा आणि कोंबडी एकाच छटेची दिसावी अशी अपेक्षा असे. निसर्ग तर कोंबड्याला दुप्पट पांढरा देतो. तेव्हा जुन्या पाळणाऱ्यांनी दोन स्वतंत्र कळप ठेवण्याची रीत काढली: एक गडद कळप प्रदर्शनी कोंबडे मिळविण्यासाठी आणि दुसरा फिकट कळप प्रदर्शनी कोंबड्या मिळविण्यासाठी. गडद कळपातील कोंबड्या आणि फिकट कळपातील कोंबडे प्रदर्शनात कधी जातच नसत. निसर्गाने दिलेला फरक झाकण्यासाठी केवढा हा खटाटोप! स्वयंलिंगदर्शक जातीच्या पैदासकाराचे काम याच्या नेमके विरुद्ध आहे. त्याला तो फरक जपावयाचा आहे, किंबहुना वाढवावयाचा आहे. आणि रॉकची सवय लागलेला पाळणारा लेगबारकडे वळला तर पहिली चूक येथेच करतो.

यासाठी निवड दोनदा करावी लागते. पहिली अंड्यातून निघण्याच्या दिवशी, लव वाळल्यावर, उजेडात: ज्या नराचे पट्टे खरोखर धुऊन निघालेले आहेत आणि ज्या मादीचे पट्टे काजळाने ओढल्यासारखे आहेत, त्यांच्याच पंखाला बिल्ला लावावा आणि वहीत नोंद करावी. मधल्या, शंकास्पद पिलांना पैदाशीत स्थान देऊ नये. पुढे ती कितीही देखणी झाली तरी नाही. दुसरी निवड पाच-सहा महिन्यांनी, प्रमाणाचे पुस्तक हाती घेऊन, केवळ बिल्ला असलेल्या पक्ष्यांतून. हा क्रम उलटा केला तर पहिल्या दिवसाची साक्ष परत मिळत नाही. बिल्ला न लावता केवळ स्मरणावर विसंबणाऱ्या पैदासकाराला तीनचार पिढ्यांत आपली जात कोठे बिघडली हेही सांगता येत नाही.

बाहेरचे रक्त आणण्याचा प्रश्नही असाच नाजूक. छोटा कळप वर्षानुवर्षे आपसात वाढविला की अंडी कमी उबतात आणि पिलांची जोमदार वाढ राहत नाही. तेव्हा नवे रक्त हवेच. पण लेगबारच्या कोंबड्यांत तपकिरी लेगहॉर्नचा बिनपट्ट्यांचा कोंबडा सोडला, तर सर्व मुली बिनपट्ट्यांच्या आणि सर्व मुलगे एकेरी मात्रेचे होतात. जात पूर्ववत करण्यास पुढे दोन पिढ्या खर्ची पडतात. त्याऐवजी लेगबारचाच नर घेऊन मादी बाहेरची घेतली तर मुली पहिल्याच पिढीत पट्टेदार राहतात आणि काम एका पिढीने हलके होते. पांढऱ्या किंवा काळ्या जातीचे रक्त मात्र टाळावे. पांढरा प्रभावी रंग सारी नक्षी झाकतो आणि काळा रंग लवेवरील खारीचे पट्टे.

एवढी सोय असूनही या जाती जगभर का पसरल्या नाहीत, असा प्रश्न साहजिक पडतो. १९५० नंतर अंड्यांचा व्यवसाय मोठ्या उबवणी केंद्रांच्या हाती गेला आणि विशेष पैदाशीच्या संकरित कोंबड्यांनी अंड्यांच्या संख्येत शुद्ध जातींना मागे टाकले. त्या केंद्रांना दरवर्षी नवा संकर करणे जड नव्हते. तांबड्या अंड्यांसाठी सोनेरी-रुपेरीचा संकर आणि पांढऱ्या अंड्यांसाठी पंखांच्या पिसांची लांबी पाहून ओळख, या रीती तेथे रूढ झाल्या. स्वयंलिंगदर्शक जाती हौशी पाळणाऱ्यांच्या परसात उरल्या, आणि त्यांतील काही अगदी थोड्या पक्ष्यांवर आल्या. जर्मनीत मात्र १९७० च्या दशकात बीलेफेल्ड शहराच्या परिसरात अशीच एक नवी जात घडविण्यात आली. तिला जर्मन भाषेत मिळालेल्या नावाचा अर्थच ‘ओळखू येणारी कोंबडी’ असा आहे.

अलीकडे या विषयाला वेगळे वजन आले आहे. मोठ्या केंद्रांत नर पिले ओळखून काढली की ती त्याच दिवशी मारली जातात. जगभर वर्षाकाठी अशा पिलांची संख्या अब्जांत मोजावी लागते. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून यास कायद्याने बंदी घातली आणि फ्रान्सनेही त्याच दिशेने पाऊल टाकले. त्यामुळे अंडे उबत असतानाच आतील लिंग ओळखण्याची यंत्रे आली. त्यांतील एका रीतीत तेराव्या दिवशी कवचातून प्रकाश सोडून भ्रूणाच्या पिसांचा रंग टिपला जातो, आणि ती चालते ती केवळ नर-मादीचा रंग वेगळा असणाऱ्या संकरांवर. युद्धकाळात पनेट यांनी टोपलीतल्या पिलांबाबत सांगितलेले तत्त्वच तेथे कवचाआड वापरले जाते. स्वयंलिंगदर्शक जात या प्रश्नाचे पूर्ण उत्तर नव्हे, हेही स्पष्ट म्हणावयास हवे. पिलू ओळखू आले तरी ते जन्मलेले असते, आणि नराचे काय करावयाचे हा प्रश्न उरतोच. परंतु ज्या जातीचा नर अंगाने बरा भरतो, तेथे पहिल्या दिवसापासून नर वेगळे वाढवून मांसासाठी विकता येतात आणि माद्यांना त्यांच्या वयाला योग्य असे खाद्य देता येते.

आपल्याकडील अंड्यांच्या व्यवसायाचा कणा पांढरी लेगहॉर्न आणि तिच्यापासून निघालेले संकर हा आहे. तिच्या पांढऱ्या रंगाआड इतर सारे रंग झाकले जात असल्यामुळे लवेवरून ओळखण्याची रीत तेथे लागू पडत नाही. परसातील कोंबड्यांची गोष्ट वेगळी. गावरान कळपांत तपकिरी, काळे, ठिपक्यांचे, पट्ट्यांचे असे सर्व रंग नांदतात, आणि त्यांतील पट्टेदार कोंबडी दिसली तर तिच्याकडे शिक्षकांनी अवश्य लक्ष द्यावे. आनुवंशिकतेचा धडा फळ्यावर जितका कोरडा वाटतो तितका तो टोपलीत वाटत नाही.

प्रयोग साधा आहे. अंगभर आडवे पट्टे असलेल्या दोनतीन कोंबड्या घ्याव्यात आणि त्यांच्यात काळा, बिनपट्ट्यांचा कोंबडा सोडावा; पांढरा कोंबडा चालणार नाही. पूर्वीच्या कोंबड्याचा अंश राहू नये म्हणून पहिल्या तीन आठवड्यांची अंडी खाण्यास वापरावीत आणि त्यानंतरची खुडूक कोंबडीखाली बसवावीत. पिले निघाली की काळ्या डोक्यावर पांढरा ठिपका असलेली एका बाजूला आणि डोके पूर्ण काळे असलेली दुसऱ्या बाजूला करावीत, विद्यार्थ्यांकडून त्यांची मोजदाद करवून घ्यावी आणि दोन्ही गटांच्या पायांत वेगवेगळ्या रंगाचे दोरे सैल बांधावेत. पाय जाडावतील तसे दोरे बदलत राहावे. दोन-अडीच महिन्यांनी तुरे वाढले की ठिपक्याची पिले कोंबडे झालेली आणि काळ्या डोक्याची तलंगा झालेली दिसतील. मग त्याच कळपातील भाऊ-बहिणींची पुढची पिढी काढून दाखवावी. त्या वेळी ठिपका नरातही आढळेल आणि मादीतही, आणि संकर व जात यांतील भेद विद्यार्थ्यांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.